पहिली मागणी मंजूर

दुपारची बस शाळेसमोर थांबते ती उतरणाऱ्यांसाठी. कंडक्टर कधी खाली उतरत नाही, दारातूनच मला हात दाखवतो आणि शिट्टी मारतो. त्या दिवशी तो उतरला. मुलं पाठ म्हणत होती, मी खडू हातात धरून दाराशी आले. तो तेलुगू माणूस, माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलायचा. "टीचरम्मा," तो म्हणाला, "वो आपकी लायरम्मा... सुबह गुजर गईं." मी त्याला विचारलं, कोणती लायरम्मा? जणू माझ्या ओळखीच्या चार-पाच होत्या. बसमधली माणसं खिडकीतून माझ्याकडे बघत होती. मग तो म्हणाला, चलायचं असेल तर चला, मी थांबतो. मी मुलांना सुट्टी दिली की नाही, वर्गाला कुलूप लावलं की नाही, आजही आठवत नाही. बसमध्ये बसले तेव्हा खडू हातातच होता.

यशोधरा नगराळे. आदिलाबादेत तिला मराठी माणसं वकीलबाई म्हणायची, तेलुगू माणसं लायरम्मा आणि आरोग्याच्या कचेऱ्यांत तिला हेल्थ मॅडम म्हणत. ती दोन्ही होती, पण दोन्हींसाठी मिळून एक शब्द कुणाजवळ नव्हता. मी तिला यशू म्हणायची. आम्ही तामसीकडच्या एकाच गावच्या. तिचे वडील आधी सालदार होते, पुढे शाळेत शिपाई झाले. आमची शेती होती, कापूस आणि ज्वारी. आमच्या घरी ती चालायची, पण ओसरीपर्यंत. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा मात्र मला ते दिसायचंसुद्धा नाही. तिला दिसत असणारच. ती कधी बोलली नाही. कॉलेजला आम्ही रोज बसनं आदिलाबादला जायचो. बसमध्ये बायकांच्या जागांवर तेलुगूत 'स्त्रीलकु' लिहिलेलं असायचं. यशू तेलुगू लिपी शिकली ती या एका शब्दापासून. तिथं बसलेल्या माणसासमोर उभी राहून ती बोटानं एकेक अक्षर मोठ्यानं वाचायची, शाळेतल्या पोरीसारखी, आणि सगळी बस हसायला लागली की तो माणूस उठायचा. मग ती मला ओढून शेजारी बसवायची. "कायदा लिहेल राह्यते," म्हणायची, "फक्त कोनीतरी वाचा लागते." तेव्हा ती खरंच असं मानायची.

ऐंशीच्या आसपास ती नागपूरहून वकील होऊन आली. त्यांच्या वस्तीतली पहिली वकील. तिच्या वडिलांनी तिचा काळा कोट हातावर घेऊन सगळ्यांना दाखवला होता, घातलेला नाही, घडी घातलेला. एका ज्येष्ठ वकिलांकडे ती कामाला लागली. वर्षभरानं तिला पहिला खटला स्वतः चालवायला मिळाला. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत वीस वर्षं काम केलेला एक मजूर होता, दोन पावलं चालला की धाप लागायची. भरपाईचा दावा होता. मालकाच्या बाजूनं डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, हा बिडीचा दमा आहे. न्यायाधीशांनी यशूला विचारलं, उलटतपासणी घ्यायची आहे का? ती उभी राहिली. दोन प्रश्न विचारले, तिसरा सुचला नाही. दावा गेला. संध्याकाळी ती माझ्या खोलीवर आली आणि कोट न काढता तशीच पलंगावर बसली. म्हणाली, "तो डॉक्टर खोटं बोलत होता हे मले कळत होतं वं. पन का खोटं, हे कळत नव्हतं. काय इचारू मी त्याले?" त्या मजुरानं जाताना तिच्या पाया पडायचा प्रयत्न केला होता. हरलेल्या वकिलाच्या पाया. ते तिला फार लागलं.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी तिनं सांगितलं की ती पुन्हा शिकायला चालली आहे. दक्षिणेत एका संस्थेत सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता, डॉक्टर नसलेल्यांसाठी मोजक्या जागा होत्या, त्यातली एक तिला मिळाली होती. तिच्या घरी कुणाला काही समजेना. तिशी जवळ आली होती, एक-दोन स्थळं येऊन गेली होती. भाऊ महसूल कचेरीत कारकून, तो हिशेबी माणूस. "काऊन वं, वकिली पुरली नाई का?" एवढंच त्यानं विचारलं. आईनं विचारलं, मग तू डॉक्टर होशील का? नाही. मग सुई देता येईल का? नाही. "मंग काय येईन?" यशू हसली. त्या संस्थेतून तिची मला पत्रं यायची. वर्गात सगळे डॉक्टर, ही एकटी काळ्या कोटाची. एका पत्रात तिनं लिहिलं होतं की इथं माणूस तपासत नाहीत, गाव तपासतात. कोणत्या विहिरीवर कोण जातं, कोणत्या रस्त्याला कोण राहतं, कोणत्या महिन्यात कोण मरतं, हे एका कागदावर मांडलं की आजार आपोआप बोलायला लागतो. आणि पुढे लिहिलं होतं, हा कागद घेऊन कोर्टात कुणी उभं राहत नाही, आणि कोर्टात उभे राहणाऱ्यांना हा कागद वाचता येत नाही. मी राहीन. मी वाचीन. पत्राच्या शेवटी तिनं त्या मजुराची चौकशी केली होती. तो तोवर वारला होता. मी ते कळवलं नाही.

दोन वर्षांनी परत आली तेव्हा तिला कुठं बसवावं हेच कुणाला ठरवता येईना. आरोग्य खात्यानं सांगितलं, तुम्ही डॉक्टर नाही. बाररूममध्ये तिला पाठीमागे कंपाउंडरीण म्हणायचे. पोटापुरते वारसाचे, फारकतीचे दावे ती चालवायची आणि उरलेल्या दिवसांत गावं फिरायची. मी तोवर तलमडुगुकडच्या एका गावात मराठी शाळेवर मास्तरीण झाले होते. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या मुलींची लग्नं आधीच अडतात. दात पिवळे, तपकिरी, रेघारेघांचे. मी पहिल्या वर्षी मुलांना राखुंडी आणि कडुनिंबाच्या काड्यांवरून रोज बोलायची. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की पहिलीतल्या पोरांचे गुडघे एकमेकांना घासतात आणि चाळिशीच्या बायका मान वळवायची तर अख्ख्या वळतात. मी हे यशूला सांगितलं. पुढच्याच रविवारी ती आली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरोघर फिरली, मुलांची तोंडं उघडून पाहिली, म्हाताऱ्यांना हात वर करायला लावले, आणि शेवटी गावाच्या मधोमध बोरच्या हातपंपापाशी येऊन उभी राहिली. पाण्यात फ्लोराईड असणार, ती म्हणाली. खोल खडकातलं पाणी. दिसायला काचेसारखं, चवीला गोड... आणि हाडांत जाऊन बसणारं.

त्या बोरचं गावाला केवढं अप्रूप होतं! बोर नव्हती तेव्हा माणसं नाल्याचं पाणी प्यायची आणि दर पावसाळ्यात हगवण-ओकारीनं घरटी कुणीतरी जायचं. बोर आली आणि ते थांबलं. म्हाताऱ्या बाया दसऱ्याला हातपंपाला हळदकुंकू लावायच्या. त्या बोरविरुद्ध बोलायचं म्हणजे काय, हे यशूइतकं कुणालाच कळत नसेल. ती तेच तर शिकून आली होती. तिनं पाणी तपासून घेतलं, अहवाल आला, तो घेऊन दोन वर्षं कचेऱ्या केल्या. दरखास्ती दिल्या, पोचपावत्या घेतल्या. साहेब बदलले. शेवटी तिनं ठरवलं, कोर्टात जायचं. अर्ज तिनं माझ्या खोलीवर बसून लिहिला. मागण्या दोनच होत्या. पहिली, ही बोर पिण्यासाठी धोक्याची ठरवून बंद करावी. दुसरी, गावाला नळानं तलावाचं शुद्ध पाणी द्यावं. पहिलीशिवाय दुसरीची निकड कुणाला पटणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. मलाही ते बरोबर वाटलं.

अर्जदार गावातले हवे होते. कोर्टाच्या नावानं माणसं मागे सरकत होती. पहिलं नाव कुणाचं घालायचं? मी जनाबाईला तयार केलं. जनाबाई शाळेच्या मागे राहायची, शेतमजूर, पन्नाशीची असेल, पण कमरेतून अशी वाकली होती की समोरच्याचं तोंड बघायला तिला बाजूला सरकावं लागे. मी तिला चार वेळा समजावलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "माह्या हाडाचं आता काय होते बाई? पन माह्या नातीले तरी चांगलं पानी भेटलं पाह्यजे." आणि अंगठा पुढे केला. शाई मी लावली. अंगठा कागदावर मी धरला... हे यशूनं केलं नाही, मी केलं.

अंतरिम हुकूम लवकर आला, त्याचंच आम्हाला नवल वाटलं. मी त्या दिवशी रजा घेऊन कोर्टात गेले होते. सरकारी वकील म्हणाले, बोर बंद करायला आमची हरकत नाही. न्यायाधीशांनी अहवाल पाहिला, चेहरा गंभीर केला. असलं पाणी एक दिवसही लोकांना पाजता येणार नाही, म्हणाले. पहिली मागणी मंजूर. दुसऱ्या मागणीवर सरकारनं आपलं म्हणणं मांडावं, पुढची पेशी अमुक तारखेला. मी आनंदानं यशूचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, दोन्ही मागण्या एकत्र आहेत, साहेब, पर्यायी पाणी मिळेपर्यंत... न्यायाधीश म्हणाले, तुमचीच मागणी मंजूर केली ना? पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. बाहेर येऊन ती पायऱ्यांवर बसली. "दोनी संगं पाह्यजे होत्या वं," म्हणाली. "मी अर्जातच तसं लिहाले पाह्यजे होतं. पहिलीच्या वाक्यातच." ती किती वेळ तेच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणत राहिली.

एरवी हालचाल न करणारं पाणीखातं तिसऱ्या दिवशी गावात आलं. हातपंपाचा दांडा काढला, तोंडावर लोखंडी झाकण ठोकलं, पंचनामा केला. काही आठवडे टँकर आला. मग पाऊस लागला, काळ्या मातीत टँकरची चाकं रुतली आणि तो यायचा थांबला. यशू रोज कुठल्यातरी कचेरीच्या दारात उभी असायची. पाणीखात्याचा इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला चहा पाजला आणि हात जोडले, "मॅडम, कोर्ट का ऑर्डर है. आप ही लाए हैं. मैं हँडल लगाऊं तो अंदर जाऊं." कोर्टात ती तारीख अलीकडे आणायचा अर्ज करून आली. तो अर्ज पुढच्या तारखेला ठेवला गेला. गाव पुन्हा नाल्यावर जाऊ लागलं. तिनं क्लोरीनच्या गोळ्या आणल्या, घरोघर वाटल्या, मी मुलांकडून पाठ करून घेतलं, पाणी उकळून प्या. पण निंदणाचे दिवस, बायका उजाडता शेतात, सरपण ओलं. कोण उकळणार? एक बाई मला म्हणाली, "मास्तरीनबाई, चहा उकळाले लाकडं नाईत, पानी काय उकळू?"

पहिल्यांदा दोन घरांत हगवण लागली. मग पाच. यशू आणि मी मिठा-साखरेचं पाणी करून पाजत फिरत होतो. ते पाणीही नाल्याचंच. एका गंजात किती उकळणार, कुणाकुणाला पुरवणार! जनाबाईला सकाळी सुरू झालं आणि दुपारी तिचे डोळे आत गेले. तिच्या मुलानं, मारोतीनं, बैलगाडी जुंपली. यशू गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी चिखलातून मागे चालत होते. पक्का रस्ता दिसायला लागला तेव्हा यशूनं गाडी थांबवायला सांगितलं. नाडी तिला बघता यायची, एवढं ती शिकली होती. बराच वेळ ती ते मनगट धरून बसली. अर्जदार क्रमांक एक. मारोती बैलांच्या पुढे जाऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडे करून. यशू खाली उतरून त्याच्याजवळ गेली आणि काही म्हणायच्या आत त्यानंच म्हटलं, "बाई, तुमी काय करसान? पानी तं प्याच लागते." तो चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती मला पुढे कितीदा तरी म्हणाली.

जनाबाई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी यशू एका पोत्यात काहीतरी गुंडाळून बसमधून उतरली. शेजारच्या गावातल्या बिघडलेल्या हातपंपाचा दांडा तिनं मागून आणला होता. मारोतीनं झाकण फोडलं, तिनं स्वतः दांडा बसवायला हात लावला. सगळं गाव बघत होतं. पाणी आलं तेव्हा बायकांनी घागरी लावल्या. स्वतः मिळवलेला हुकूम तिनं स्वतः मोडला आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन तसं लिहून दिलं. मी हुकमाचा अवमान केला आहे, कारणं अमुक, मला योग्य ती शिक्षा व्हावी. तो कागद पेशकारानं घेतला, शिक्का मारला आणि खटल्याच्या कागदांत, मिसलीत लावला. त्यावर काहीही झालं नाही. ना नोटीस, ना शिक्षा. ती दोनदा विचारायला गेली. "निदान शिक्षा तरी द्या ना," ती मला म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. ते हसणं मी विसरू शकत नाही. साध्या आजाराच्या भीतीनं गाव पुन्हा हाडांच्या आजाराकडे गेलं होतं, आणि दोन्ही आजार तिला पुस्तकासारखे पाठ होते. दोन्ही पदव्या तिच्याजवळ होत्या. करायला काही नव्हतं.

नंतरची वर्षं ती काम करतच राहिली, फक्त बोलणं कमी झालं. पेशीला जायची, तारीख घेऊन यायची. बेज्जूरकडच्या जंगलातल्या गावांत तापाची साथ होती, तिकडे महिना-महिना राहायची, कोणत्या घरात ताप, कोणत्या घरात नाही, हे कागदावर मांडायची. त्या कागदांचं कोर्टात काही करीन असं मात्र पुन्हा कधी म्हणाली नाही. शेवटची भेट आदिलाबादच्या बसस्टँडवर झाली. ती बेज्जूरला निघाली होती, मी शाळेवर. वाळली होती, केस कानाजवळ पांढरे झाले होते. इकडचं तिकडचं बोललो. मग एकाएकी म्हणाली, "खरं सांग मले. आपन केस नसती टाकली तं जनाबाई राह्यली असती ना?" माझी बस सुरू झाली होती. मी म्हटलं, "बस लागली वं, आल्यावर बोलू," आणि धावले. खिडकीतून पाहिलं तर ती तिथंच उभी होती, उत्तराची वाट बघत असल्यासारखी. बस खरं तर आणखी दहा मिनिटं तिथंच उभी राहिली. मी उतरले नाही.

जंगलातून ती ताप घेऊन परतली. तिचा भाऊ सांगतो, आल्या आल्या तिनं त्याला स्वतः सांगितलं की हा मेंदूला जाणारा मलेरिया असेल, रक्त तपासा, उशीर करू नका. उशीर तिकडेच झाला होता. दोन दिवस ती बडबडत होती, त्यात पेशीच्या तारखा होत्या. अंत्ययात्रेला तिच्या वस्तीतली माणसं होती, काही वकील होते, मागे उभे. आणि त्या गावची माणसं आली होती, वीस-पंचवीस, बसनं. फुलं वाहायला ती रांगेत पुढे येत होती, पण त्यांना वाकता येईना. पाठी ताठलेल्या. ज्यांच्या पाठी वाकल्या होत्या त्यांना हात वर नेता येईना. मारोती एकेकाच्या हातातली फुलं घेऊन तिच्यावर ठेवत होता. तिच्या भावानं मला हळूच विचारलं, यांना काय झालं आहे? इतक्या वर्षांत त्याच्या बहिणीनं तेच तर सांगितलं होतं.

खटला चालू आहे. एका तरुण वकिलानं मिसल घेतली आहे, चांगला मुलगा आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. ते सांगायला मी गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मारोतीच्या घरी गेले. यशूची एक सवय होती. कुणाच्याही घरी पाण्याचा गिलास हातात आला की ती आधी विचारायची, "पानी कुठचं?" विहिरीचं, नळाचं, नाल्याचं, जे असेल ते ऐकून घ्यायची आणि मग पिऊन टाकायची. न पिता गिलास परत केलेला मी कधी पाहिला नाही. मला या सवयीचा राग यायचा. प्यायचंच आहे तर विचारतेस कशाला, माणसं संकोचतात. तर मारोतीची बायको गिलास घेऊन बाहेर आली, मी तो हातात घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी कुठचं?" ती थबकली. मी काय विचारलं ते तिला कळलं आणि कोण विचारायचं तेही आठवलं असावं. तिनं पदर तोंडाला लावला.

"कुठचं असन बाई," ती म्हणाली, "बोरचंच हाय."

पाणी गार होतं, गोड होतं. मी गिलास रिकामा करून तिच्या हातात दिला.